वर्गणीनंतरचा विसावा



वसंतातील व्याख्यान म्हटले म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा उत्साहाच्या गोष्टी ऐकण्याची असते. मी मात्र आज थकव्याविषयी बोलणार आहे. मला तो अधिकार आहे, कारण गेल्या वर्षी नव्या नाटकासाठी मी आपल्यापैकी अनेकांच्या दारी आलो होतो. पाच पावतीपुस्तके संपली. मोबाईलवरून आवाहन केले, तेव्हा पुण्या-मुंबईस गेलेल्या मुलांनीही पैसे पाठविले. रक्कम पुरी झाली आणि त्याच रात्री लिहावयास बसलो, तो लेखणी चालेना.

कारण नुसते पायांचे श्रम नव्हते. चार महिने मी एकच कथानक शंभर घरी शंभर तऱ्हांनी सांगितले होते. कोणी म्हणाले, विनोद वाढवा. कोणी म्हणाले, एक लावणी हवीच. मी सर्वांना होकार दिला. पुढे हस्तलिखित वाचून पाहिले, तेव्हा दुसऱ्या अंकातील तीन पात्रे माझी नव्हतीच. ती देणगीदारांची होती! दोष देणाऱ्यांचा नव्हे. मागणाऱ्याला 'नाही' म्हणणे जड जाते, एवढाच त्याचा अर्थ.

अशा वेळी मला डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर आठवतात. १९११ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेल्या या विद्वानाने १९१६ मध्ये आपल्या नागपुरास ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली. राजाश्रय नाही, धनिकाचा आश्रय नाही. भाग विकावयाचे आणि ग्राहक मिळवावयाचे. त्यासाठी ते गावोगाव हिंडले. तेवीस भागांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश असा लोकांच्या पैशावर उभा राहिला.

पण मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. १९२७ साली केतकरांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने ज्ञानकोश मंडळाचा इतिहासच लिहून काढला. म्हणजे केलेल्या कामाचा हिशेब स्वतःपुढे आणि लोकांपुढे मांडला. त्याच सुमारास ते कादंबऱ्यांकडे वळले. त्यांतील एकीचे नाव 'गोंडवनातील प्रियंवदा'. आपल्या या गोंडवनाचेच नाव ते! रचनेच्या दृष्टीने त्यांच्या कादंबऱ्या ओबडधोबड आहेत, असे टीकाकार म्हणत आले. असतील. परंतु कोणा भागधारकाने त्या मागितल्या नव्हत्या. ज्याचे कोणाला देणे नाही असे काही लिहिणे, हाच त्या थकलेल्या बुद्धीचा विसावा असावा, असे माझे अनुमान आहे.

लोकांचा पैसा कलेला मारकच ठरतो, असे मात्र कोणी समजू नये. १९७६ सालचा 'मंथन' हा चित्रपट गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून निघाला, आणि त्याच्या पटकथेस आपल्या विजय तेंडुलकरांचा हात लागला होता. तेथे पैसा सहकारी संघाने गोळा केला. दिग्दर्शकाला दारोदार फिरावे लागले नाही. झाडीपट्टीतील आम्हां मंडळींचे तसे नसते. लिहिणारा, मागणारा आणि पुष्कळदा तोंडाला रंग लावणारा माणूस एकच!

म्हणून मी काय केले ते सांगतो. आधी जमाखर्च लिहून वाचनालयाच्या फळ्यावर लावला. पैशाचे ओझे डोक्यावर असेतोवर विश्रांती ही नुसती टाळाटाळ असते. मग दोन महिने कागदाला हात लावला नाही. घोडाझरीच्या पाळीवर जाऊन बसलो, एका गावी रात्रभर दंडार पाहिली. तिसऱ्या महिन्यात, कोणाला न दाखविण्याच्या बोलीवर, माझ्या आजीविषयी चार पाने लिहिली. ती लिहिताना माझा आवाज मला पुन्हा ऐकू आला. त्यानंतर दुसरा अंक फाडून टाकला.

आपल्या मामा तलावांचे पाहा. उन्हाळ्यात पाणी आटते तेव्हाच गाळ काढता येतो, आणि तोच गाळ बांधीत पडला म्हणजे धानाला जोर येतो. आटलेल्या तलावाकडे पाहून कोणी त्याला आळशी म्हणत नाही. कलावंताने मात्र बारमाही भरलेले असावे, अशी आपली समजूत असते. आणि खरे सांगायचे तर ती कलावंताचीच अधिक असते.

आता शेवटचे, आणि बोलावयास सर्वांत कठीण. नाटक येत्या दिवाळीनंतर उभे करीन, असे मी आपणांस वचन दिले होते. ते एक हंगाम पुढे जाईल. ज्यांना पैसे परत हवे असतील त्यांनी पावती आणावी. रक्कम शिल्लक आहे. जे थांबतील त्यांना मी लावणीचे वचन देत नाही. जे नाटक सांगावयास मी प्रथम आपल्या दारी आलो होतो, तेच देईन, एवढेच म्हणतो.