भंगारातील यंत्र पुन्हा चालू करताना

(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



विषय ऐकून काही ज्येष्ठांनी मला विचारले की, भंगारावर भाषण ते काय करणार? म्हणून यंत्रच इथे टेबलावर आणून ठेवले आहे. याला सी.एन.सी. राउटर म्हणतात. लाकूड, एम.डी.एफ., ॲक्रिलिक हे संगणकाच्या हुकमाने कोरण्याचे याचे काम. दारावरची जाळी, दुकानाच्या पाटीची अक्षरे, घरावरची नावाची पाटी हे सारे हल्ली यावरच होते. पाट्या करणाऱ्या एका दुकानदाराने त्याचा संगणक बिघडल्यावर हे यंत्र लोखंडाच्या भावाने काढले. आता ते चालते.

हे कोणा एकाचे बुद्धिवैभव आहे असे समजू नका. अशा यंत्राचे लोखंड मरत नाही, मरतो तो त्याचा मेंदू. आणि मेंदू आज स्वस्त झाला आहे. १९५२ मध्ये अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेने आकड्यांवर चालणारे पहिले मिलिंग यंत्र लोकांना दाखविले, तेव्हा त्याच्या नियंत्रकात शेकडो निर्वात नळ्या होत्या आणि तो यंत्रापेक्षा जास्त जागा व्यापत होता. आज तेच काम तळहाताएवढी आर्डुइनोची पाटी करते. तिच्यात घालण्याचा जीआरबीएल नावाचा कार्यक्रम नॉर्वेच्या एका गृहस्थाने २००९ मध्ये लिहून सर्वांना मोफत दिला. जुन्या यंत्राला प्रिंटरची २५ पिनांची वायर लागते आणि नव्या संगणकाला ते तोंडच नसते. एवढ्याशा कारणाने चांगली यंत्रे भंगारात जातात!

आता काम कसे करावे ते सांगतो. प्रथम वीज लावूच नका. हाताने तिन्ही दिशांना यंत्र सरकवून पाहा. जिथे अडते तिथे वाळलेले ग्रीस आणि लाकडाचा भुसा बसलेला असतो. तो काढा, पुसा, नवे तेल द्या. मग स्क्रूवरचा नट हलवून पाहा. नट झिजला असेल तर यंत्र दिशा बदलताना थोडे रिकामे फिरते, आणि मग गोल काढायला सांगावा तर तो गोल येत नाही. हा दोष संगणकात शोधत बसणारे मी पाहिले आहेत. तो लेथवाल्याकडे सुटतो.

यानंतर स्टेपर मोटर. तिला बहुधा चार तारा असतात, म्हणजे दोन गुंडाळ्या. कोणत्या दोन तारा एकमेकींच्या आहेत ते मीटरने कळते. जोडीच्या तारांत काही थोडे ओहम दाखवतो, इतरांत काहीच नाही. मीटर नसला तरी बिघडत नाही. मोटर ड्रायव्हरपासून सोडवा, कोणत्याही दोन तारा एकमेकींना टेकवा आणि दांडा हाताने फिरवा. तो जड फिरला की ती जोडी समजा. मात्र वीज चालू असताना मोटरची तार कधीही काढू नका, ड्रायव्हर जळतो. मोठ्या यंत्रांत स्पिंडलसाठी व्ही.एफ.डी. असतो, तो बंद केल्यावरही काही मिनिटे आत प्राणघातक वीज साठून राहते. लाल रंगाचे बंद करण्याचे बटण सर्वांत आधी दुरुस्त करावे, बाकी सारे नंतर. या लहान यंत्राला साधी कार्बनची मोटर आहे. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटरी भरणारे कारागीर कमी नाहीत. त्यांच्यापैकी कोणीही ती पाहू शकतो.

आता थोडे गणित. मोटरच्या एका फेऱ्याला २०० पावले. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करतो, म्हणजे ३२००. स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकवतो. म्हणजे एका मिलिमीटरला ६४०. हा आकडा पाटीला सांगितला की यंत्राला माप कळते. १०० मिलिमीटर सांगितले आणि यंत्र ५० च गेले, तर ड्रायव्हरवरचे बारीक स्विच बहुधा १६ ऐवजी ३२ वर असतात. सातवीतले त्रैराशिक, दुसरे काही नाही!

लगेच लाकूड कापायला जाऊ नका. स्पिंडलच्या जागी पेन बांधा आणि कागदावर १०० मिलिमीटरचा चौकोन काढा. दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही १४१.४ आले तर यंत्र काटकोनात आहे. एक मोठा, एक लहान आला तर आडवा पूल तिरका बसला आहे.

कोणी म्हणेल, हे शहरातल्या इंजिनियरांचे काम. पुणे जिल्ह्यातील पाबळ हे पर्जन्यछायेतील गाव. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट केलेला आणि मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेला हा माणूस शाळा सुटलेल्या मुलांना वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी हाताने करीत शिकवायला खेड्यात जाऊन राहिला. २००२ मध्ये एम.आय.टी.ने आपल्या आवाराबाहेरची पहिली फॅब लॅब याच पाबळला उभारली. अशा प्रयोगशाळेत संगणकावर चालणारी लहान कोरणयंत्रे असतात. ती एखाद्या राजधानीत न जाता पाबळला आली, कारण हाताने करून पाहणारी मुले तिथे आधीपासून होती.

आपली मुले आय.टी.आय. करून बुटीबोरीला, चाकणला जातात. त्यांपैकी कितीतरी कंत्राटावर हिरवे बटण दाबण्याचे काम करतात आणि यंत्र थांबले की हात बांधून उभी राहतात, कारण झाकण उघडण्याचा अधिकार दुसऱ्याचा असतो. कारखान्यातले नियंत्रक यापेक्षा पुष्कळ वेगळे आणि महाग आहेत हे मी लपवत नाही. परंतु भाषेचा पाया तोच आहे: जी २१ म्हणजे मापे मिलिमीटरमध्ये, जी ० म्हणजे रिकामे आणि वेगाने जा, जी १ म्हणजे सांगितलेल्या गतीने सरळ काप. ज्या मुलाने किंवा मुलीने ही आज्ञा स्वतः जोडलेल्या मोटरपर्यंत जाताना पाहिली आहे, ती बंद यंत्रासमोर नुसती उभी राहणार नाही. निदान दोष लोखंडात आहे की तारेत, एवढे तरी सांगेल.

एक अडचण आपल्याकडची. काम अर्धे झाले आणि लाइन गेली तर यंत्र आपली जागा विसरते. म्हणून टोकांना होमिंगचे स्विच लावून घ्या. वीज आल्यावर यंत्र त्या कोपऱ्यात जाते आणि पुन्हा शून्यापासून मोजते. एम.डी.एफ.चा भुसा नाकात जाऊ देऊ नका, चष्मा लावा, ओढणी आणि सैल बाही आवरा.

लाइन आहे तोवर पेन बांधून चौकोन काढून दाखवतो. पुढच्या रांगेतल्यांनी टेबलापासून थोडे मागे सरकावे. कर्ण मोजायला दोन विद्यार्थ्यांनी पट्टी घेऊन वर यावे.