रुळापलीकडून पाहिलेली पाटी



शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. माझ्याविषयी जे बोललं गेलं त्यातलं निम्मं खरं आहे. उमरीकरांचे आभार मानतो. १९४८ साली मुक्तिसंग्रामातल्या मंडळींनी ज्या गावच्या बँकेवर धाड घातली, त्या गावात मी धाडसाच्या गोष्टी सांगणं बरं नव्हे.

खेळकर्त्यांच्या मेळाव्यात अध्यक्षाने आढावा घ्यायचा असतो. घेतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा व्हिडिओ गेम २०२० साली निन्टेन्डो स्विचवर आला आणि पहाडी चित्रशैलीचा पडद्यावर किती सुंदर उपयोग होतो ते जगाला दिसलं. त्यानंतर आपल्याकडे एकट्यादुकट्याने खेळ करणारी मुलं वाढली, हे समोरच्या खुर्च्यांवरूनच कळतं. पुढचा आढावा या चार पानांत लिहून आणलाय. तो संयोजकांकडे देतो, छापा. मला दुसरंच बोलायचंय, आणि ते बरीच वर्षं पोटात आहे.

तुम्ही खेळकर्ते आम्हा चित्रं काढणाऱ्यांना, वर्णनं लिहिणाऱ्यांना शेवटी बोलावता.

दोन-दोन वर्षं कोडी घडवता, घासता, मोडून पुन्हा रचता. मग खेळ दुकानात लावायच्या आदल्या आठवड्यात फोन येतो, “सर, एक भारी कव्हर पायजे, अन् चार ओळी डिस्क्रिप्शन. परवापर्यंत.” मी म्हणतो, खेळ पाठवा. “कशाला सर? स्क्रीनशॉट पाठवतो ना.” एकदा असाच एक फोन आला. खेळ कोड्यांचा आहे एवढंच कळलं, म्हणून मी झकास पितळी कुलूप रंगवून दिलं. खेळ बाजारात गेला आणि पहिलाच अभिप्राय आला, “कुलूप कुठाय?” अख्ख्या खेळात कुलूप नव्हतं. शिव्या खेळकर्त्याने खाल्ल्या, पण चित्र माझं होतं. तेव्हापासून मी न खेळलेल्या खेळाचं चित्र काढत नाही. कामं गेली. जाऊ द्या.

मी या धंद्यात आलो तो याच गावातून. माझे काका पेंटर. जिनिंगच्या हंगामात रुईच्या गाठींवर मार्के मारायचे, बाकी वर्षभर दुकानांच्या पाट्या आणि भिंती. रुळालगतची भिंत रंगवून झाली की ब्रश रॉकेलच्या डब्यात टाकून ते मला रुळापलीकडे पिटाळायचे. मुदखेडकडून गाडी आली की डोळे बारीक करून बघायचं आणि येऊन सांगायचं, काय दिसलं. मी एकदा म्हटलं, काका, बैलाच्या गळ्यातली घुंगरं लई सुंदर झालीत. काका म्हणाले, “घुंगरं दिसली का तिकडून?” नाही म्हटलं. “मंग पूस. गाडीतल्या माणसाला उतरून बघायला टाईम हाय का?” दीड दिवसाची घुंगरं चुन्याखाली गेली.

आता तुमचं दुकान बघा. स्टीमच्या ऑनलाइन दुकानात खेळाच्या चित्राची छोटी पट्टी वर्षानुवर्षं २३१ गुणिले ८७ पिक्सेलची होती. आता दुप्पट मापाची मागतात, पण यादीत दिसते आगपेटीच्या लेबलापेक्षा लहान. गुगल प्लेला आयकॉन ५१२ गुणिले ५१२ चा द्यायचा, आणि तो दिसतो अंगठ्याच्या नखाएवढा. तुम्ही चित्र तपासता सत्तावीस इंची पडद्यावर, आणि म्हणता, घुंगरं लई सुंदर! २०२२ च्या सप्टेंबरपासून स्टीमने त्या पट्टीवर खेळाच्या नावाशिवाय दुसरा मजकूर घालायला बंदी केली. पुरस्कारांची चिन्हं नकोत, तारे नकोत, सवलतीचे आकडे नकोत. आपल्या मंडळींनी बरीच कुरकुर केली. मला मात्र काकांची आठवण आली.

सकाळच्या चर्चासत्रात वाद झाला, चित्रात माणसाचा चेहरा असावा की नसावा. चेहरा पाहून माणूस थांबतो, हे एका बाजूचं म्हणणं. हा वाद माझ्यापुरता लातूरच्या एका पोराने मिटवलाय. त्याचा खेळ घागरींचा. या घागरीतलं पाणी त्या घागरीत ओतत नेमकं माप आणायचं. यावेळी मी खेळ मागून घेतला, आठ दिवस खेळलो, मग डोक्यावर घागर घेतलेल्या बाईचा चेहरा रंगवला. मोठा होता तोवर छान होता. नखाएवढा केला तर मडक्याला डोळे फुटल्यासारखं दिसायला लागलं! पुसला. मग घागरी वरून पाहिल्या तशा काढल्या. तीन गोल तोंडं, एक निळं, दोन काळी. बाकी काही नाही. रुळापलीकडूनही कळत होतं की एक भरलेली आहे, दोन रिकाम्या आहेत आणि आता काहीतरी करायचंय.

त्याने लिहून आणलेलं वर्णन असं होतं: पन्नास लेव्हल, आकर्षक ग्राफिक्स, मधुर संगीत. खाली इंग्रजीवरून यंत्राने करून दिलेली ओळ, “तुमच्या मेंदूला चिडवा!” अहो, ज्या लातुरात २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथलं लेकरू पाणी मोजायचा खेळ करतं आणि वर्णनात पाणी हा शब्द नाही? गुगल प्ले छोट्या वर्णनाला ८० अक्षरं देतं. मराठीत काना, मात्रा, अनुस्वार वेगवेगळे मोजले जातात, म्हणजे आपल्या वाट्याला त्याहून कमीच. मी लिहिलं: “आठची घागर भरलेली, पाच-तीनच्या रिकाम्या. दोघींना चार-चार द्या.” मोजून घ्या, मोकळ्या जागा धरून ६१ भरतात. पंधरा दिवसांनी एका बाईंचा ईमेल आला. सात ओतण्यांत जमतं म्हणून सगळ्या पायऱ्या लिहिल्या होत्या, आणि खाली, “खेळ अजून घेतला नाही.” पोरगा वैतागला. मी त्याला म्हटलं, अरे, त्या बाई तुझा खेळ खेळून मोकळ्या झाल्यात, तुला फक्त कळलं नाही.

यावर दुपारच्या वक्त्यांचा आक्षेप तयार आहे, की वर्णनातच कोडं दिलं तर खेळात काय उरलं? त्यांना मी देवळालीला पाठवीन. तिथे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा आणि आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. ३५२४ घेतलं तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. कोणतीही संख्या घ्या, फार तर सात फेऱ्यांत ६१७४ वर येऊन थांबते. मास्तरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत हे मांडलं. उत्तर पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेलं, लपवालपवी नाही. तरी आज शाळकरी पोराला हे सांगा, ते वहीचं मागचं पान फाडून वजाबाक्या करत बसतं. उत्तर कळलं म्हणून त्याची खाज जात नाही, उलट वाढते. आणि आपल्या बाजारासाठी यातली दुसरी गोष्ट अशी की मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली सायंटिफिक अमेरिकनमध्ये लिहिलं तेव्हा कुठे कापरेकर जगाला माहीत झाले. सव्वीस वर्षं माल तोच होता. दर्शनी फळी लागायची राहिली होती.

चित्र यंत्राकडून काढून घ्यावं का, यावर फार बोलत नाही. तसं केलं तर स्टीमला सांगावं लागतं, हा नियम २०२४ च्या जानेवारीपासून आहे. मी गंमत म्हणून त्या घागरींचं चित्र यंत्राकडून काढून पाहिलं. नऊ घागरी आल्या. त्यानेही खेळ खेळला नव्हता.

तेव्हा मागणी एकच आहे. आम्हाला आधी बोलवा. लंडनच्या असटू कंपनीचा ‘मॉन्युमेंट व्हॅली’ २०१४ साली आला, त्याच्या मुळाशी केन वाँग यांनी काढलेलं एक चित्र होतं. चित्र आधी, खेळ मागाहून. मी तेवढंही मागत नाही. पहिली दहा कोडी जमली की पेंटरला खुर्ची द्या, चहा द्या आणि फोन हातात देऊन गप्प बसा. तो कुठे अडतो, कुठे हसतो ते बघा. तुमचं वर्णन तिथे लिहून ठेवलेलं असतं.

कामं बरीच आहेत. आपल्या भागातले आहणे आणि उखाणे गोळा करायला हवेत. दोन ओळींत कोडं कसं घालावं हे आपल्या आज्यांना आपल्याहून चांगलं येत होतं. दुकानाच्या पानासाठी साध्या मराठी शब्दांची एक यादी हवी. समिती नेमू, पुढच्या वर्षी बघू.

एक शेवटचं. माझ्यामागचा हा फलक. त्यावर अकरा फोटो आहेत, त्यात माझा सगळ्यांत मोठा. मेळावा कशाचा आहे ते तिसऱ्या रांगेतून वाचता येतंय का? मान हलवू नका, मला उत्तर माहीत आहे. उद्या सकाळी तो उतरवण्याआधी रुळापलीकडे घेऊन चला. मी चुन्याची बादली आणतो.