निरोप आणि भेट
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं ‘इंटरनेट आणि आपले आप्तसंबंध’ या विषयावर मीं चार शब्द बोलावे अशी महोत्सव समितीची आज्ञा झाली. आज्ञा ऐकून मला प्रथम थोडें हसूं आलें. कारण या मंडपांत बसलेल्यांपैकीं पुष्कळांना सभेचें आमंत्रण मोबाईलवरच मिळालें आहे, आणि मी बोलत असतांनाच आपली कांहीं मुलें कॅनडांत व दुबईंत बसून ही सभा पाहात आहेत. या साधनाची निंदा करावयास मी उभा राहिलों, तर ती निंदाहि त्याच साधनानें समुद्रापलीकडे जाईल! तेव्हां निंदेचा माझा विचार नाहीं. परंतु एक लहानसा प्रश्न सध्यां आपल्या धर्मग्रामापुढें आहे, तो असा कीं, मयताची खबर घरोघर जाऊन सांगण्याची जुनी चाल आतां बंद करावी आणि ती केवळ व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर द्यावी कीं काय. प्रश्न दिसतो लहान. पण माझ्या मतें आजचा सारा विषय त्यांत सांठविलेला आहे. त्याकडे येण्यापूर्वीं थोडें मागें जाऊं या.

दूर गेलेल्या माणसाच्या पत्राची किंमत काय असते, हें आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासांत जागोजाग दिसतें. ‘ख्रिस्तपुराण’ लिहून मराठी भाषेची अपूर्व सेवा करणारे फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ सालच्या एप्रिल महिन्यांत लिस्बनहून गलबतावर चढले आणि २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास उतरले. साडेसहा महिने पाण्यावर! उतरल्यावर सतराच दिवसांनीं, १० नोव्हेंबरला, त्यांनीं लंडनमधील आपल्या वडिलांना प्रवासाची सविस्तर हकीकत लिहिली. वारे, प्रवाह, मासे, पक्षी, सोबत्यांचीं दुखणीं, सर्व कांहीं त्यांत आहे. मुलानें बापास लिहावें तसें आहे. ते पुन्हां मायदेशीं गेले नाहींत. १६१९ सालीं त्यांनीं गोव्याकडेच देह ठेविला. मधल्या चाळीस वर्षांत त्यांच्या आणि त्यांच्या आप्तांच्या मध्यें कागदाखेरीज दुसरा दुवा नव्हता.

संत फ्रान्सिस झेवियर यांची गोष्ट तर याहून हृदयद्रावक आहे. आपल्या वसईसहि ज्यांचे पाय लागले, त्या या महापुरुषानें अंबोइना बेटावर असतांना आपल्या सोबत्यांच्या पत्रांतून त्यांच्या हातचीं नांवें कापून घेतलीं आणि तीं निरंतर स्वतःजवळ बाळगलीं. १५४६ सालच्या त्यांच्या स्वतःच्या पत्रांतच ही हकीकत आहे. पुढें २८ जून १५५३ रोजीं संत इग्नेशियस यांनीं रोमहून त्यांना पत्र लिहून युरोपांत परत बोलाविलें. परंतु फ्रान्सिस हे ३ डिसेंबर १५५२ रोजींच चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर निवर्तले होते. जवळजवळ सात महिने झाले, तरी ज्या मित्राला आपण बोलावीत आहों तो या लोकीं नाहीं, हें रोमला ठाऊक नव्हतें. आज त्या सात महिन्यांचे सात क्षणहि उरले नाहींत. हा केवढा बदल आहे, याचा विचार आपण क्वचितच करतों.

पुढचा इतिहास आपणांस माहीतच आहे. १८५४ सालीं अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पत्र हिंदुस्थानभर जाऊं लागलें. १८७९ सालीं एका पैशाचें, म्हणजे पाव आण्याचें, कार्ड निघालें. १८७० सालींच समुद्राखालील तारेनें मुंबई लंडनशीं जोडली गेली होती. ही तार मात्र आपल्या घरांत भीतीची वस्तु होऊन राहिली. तारवाला दारांत दिसला कीं बायका आधीं रडूं लागत आणि मग लखोटा फोडीत! १५ जुलै २०१३ पासून सरकारनें ती सेवाच बंद केली. तिच्यासाठीं कोणी अश्रु ढाळल्याचें माझ्या ऐकण्यांत नाहीं.

१९७३ नंतर आखाती देशांत तेलाचा पैसा वाहूं लागला आणि आपल्याकडचे तरुण तिकडे जाऊं लागले. त्या काळांतील एक गोष्ट आजच्या मुलांना सांगण्यासारखी आहे. पत्रानें भागेना, तेव्हां लोक टेपच्या कॅसेटवर आपला आवाज भरून सुटीवर येणाऱ्या गांवकऱ्याच्या हातीं देत. ती कॅसेट घरीं आली म्हणजे शेजारपाजारहि ऐकावयास जमे. पुढें एस.टी.डी.चीं दुकानें निघालीं. रात्रीं दर उतरल्यावर तेथें रांग लागे, आणि समोरच्या यंत्रावर रुपयांचे आंकडे पळूं लागले कीं बोलणाऱ्याचें तोंड आपोआप मिटे. “सगळे बरे आहेत ना? ठेवतें.” एवढ्यासाठीं दोन मैल चालत आलेल्या माता आपण पाहिल्या आहेत.

मग १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें सामान्य जनांसाठीं इंटरनेट खुलें केलें. फेसबुक २००४ सालीं निघालें, व्हॉट्सॲप २००९ सालीं. २०१६ सालीं व्हॉट्सॲपवर एकमेकांचीं तोंडें पाहून बोलतां येऊं लागलें आणि त्याच वर्षीं जिओ कंपनी आल्यावर आपल्या देशांत त्याचा खर्च एकदम उतरला. पुष्कळांची समजूत अशी कीं हें सारें आकाशांतील उपग्रहांमार्फत चालतें. वस्तुतः देशोदेशींचा बहुतेक सारा व्यवहार समुद्राच्या तळाशीं टाकलेल्या, केसासारख्या बारीक कांचेच्या तंतूंतून प्रकाशरूपानें धांवतो. ३० जानेवारी २००८ रोजीं ईजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदराजवळ दोन केबली तुटल्या, तेव्हां हिंदुस्थानांतील इंटरनेट कित्येक दिवस रखडलें होतें. ज्या वाटेनें स्टीफन्ससाहेबांचें गलबत साडेसहा महिने झगडत आलें, त्या समुद्राच्या तळांतून आज नातवाचें हसणें आजीकडे डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच येतें. यासाठीं मी तरी देवाचे आभारच मानतों. जहाजावर नोकरी करणाऱ्या बापाला मुलाचा प्रथम कम्युनियनचा सोहळा पाहतां येतो. आणि एक उपकार असा, कीं ज्याचा कोणी उल्लेख करीत नाहीं: मुक्याबहिऱ्यांना टेलिफोनचा कांहींच उपयोग नव्हता, आतां ते हातांच्या खुणांनीं परगांवच्या आप्तांशीं मनसोक्त बोलतात.

असें असतांना कुरकुर कशाची? माझी कुरकुर दोन तीन गोष्टींपुरतीच आहे, पण ती मी स्पष्टपणें करणार.

पहिली अशी. पूर्वीं पत्राचें उत्तर महिनाभर न आलें तरी मनांत किल्मिष येत नसे; टपाल चुकलें असेल, पाऊस असेल, असें म्हणून माणूस वाट पाही. त्या विलंबांत एक प्रकारची क्षमा होती. आतां निरोप वाचला गेला कीं तेथें दोन निळ्या खुणा उमटतात. वाचलें आणि उत्तर दिलें नाहीं! झालें, तेवढ्यावरून जावा-जावांत अबोला. एकाच वाड्यांत राहणाऱ्या दोन घरांत या निळ्या खुणांपायीं नाताळचा फराळ गेला नाहीं, असें उदाहरण मला माहीत आहे. भिंतीपलीकडे जाऊन विचारलें असतें तर कळलें असतें कीं ती बाई तापानें पडली होती.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. फेसबुकसारख्या ठिकाणीं आपल्यापुढें कोणाची वार्ता आधीं यावी, हें आपण ठरवीत नाहीं. तें यंत्र ठरवितें. या कंपन्यांची कमाई मुख्यतः जाहिरातींवर चालते. म्हणून आपले डोळे जितका वेळ पडद्यावर खिळतील तितकें त्यांना हवें. साहजिकच ज्याचें लग्न, ज्याचा प्रवास, ज्याचें भांडण, तो वर येतो. जो गप्प आहे, ज्याला सांगण्यासारखें सुख नाहीं किंवा जें दुःख आहे तें सांगवत नाहीं, तो हळूहळू खालीं जातो आणि दिसेनासा होतो. त्याला कोणीं वाळींत टाकिलेलें नसतें. तरी तो वाळींत पडतो. आपल्याला वाटतें, सर्वांची खबर आहे. खबर असते ती बोलणाऱ्यांची. आपल्या प्रभूनें मात्र नव्याण्णव मेंढरें सोडून ज्याचा आवाज येत नाहीं अशा एका मेंढराच्या शोधास जाणारा मेंढपाळ आपणांस दाखविला आहे.

तिसरी गोष्ट सांगतांना जीभ अडखळते. १ जुलै २०१८ रोजीं आपल्याच महाराष्ट्रांत, धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा या गांवीं, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या जमातीच्या पांच गरीब माणसांना जमावानें ठार मारिलें. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, अशी खोटी आवई मोबाईलवरून पसरली होती, एवढेंच कारण. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें हिंदुस्थानांत एक निरोप एका वेळीं पांचच ठिकाणीं पुढें पाठवितां येईल असा निर्बंध घातला. निर्बंध चांगला, पण पांच ठिकाणींहि तो पाठविणारें बोट माणसाचेंच असतें. देवाच्या आठव्या आज्ञेंत खोटी साक्ष देऊं नको असें आहे; ‘मला जसें आलें तसें पुढें ढकललें’ अशी सवड तींत ठेवलेली नाहीं.

यावर कोणी म्हणेल, महामारीच्या वर्षीं याच साधनानें आपणांस तारलें, तें विसरलांत काय? विसरलों नाहीं. २७ मार्च २०२० च्या सायंकाळीं पावसांत भिजलेल्या रिकाम्या चौकांत पोप फ्रान्सिस एकटे प्रार्थना करीत होते, तें दृश्य आपण सर्वांनीं घरीं बसून पाहिलें. त्या वर्षीं ईस्टरची मिस्साहि पडद्यावरच झाली. कित्येकांनीं बापाला मूठभर माती दिली नाहीं. ती दुसऱ्यानें देतांना मोबाईलवर पाहिली. तेवढें तरी दिसलें, हा त्या साधनाचा उपकार. परंतु त्याच दिवसांनीं त्याची हद्दहि दाखविली. पवित्र सभेनें २००२ सालींच सांगून ठेविलें होतें कीं इंटरनेटवर संस्कार होऊं शकत नाहींत. मिस्सा पाहतां येते, पण प्रसाद घेतां येत नाहीं. पापांगीकार तर समोर बसूनच करावा लागतो. देवानें मनुष्याला तारण्यासाठीं निरोप पाठविण्यावर भागविलें नाहीं. तो स्वतः देहधारी होऊन आला. आपला सारा धर्म या एका गोष्टीवर उभा आहे. म्हणून आजाऱ्याच्या घरीं हातीं मोसंबीं घेऊन जाणें आणि त्याला हात जोडलेलें चित्र पाठविणें हीं दोन्ही सारखींच, असें आपणां ख्रिस्ती माणसांना तरी म्हणतां येणार नाहीं.

आतां मयताच्या खबरीकडे येतों. १९०३ सालीं जेझुइट फादर हेन्री डोरिंग यांनीं त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत मराठी मासिक काढलें, त्याला त्यांनीं ‘निरोप्या’ असें नांव दिलें. किती नेमका शब्द! निरोप्याला पाय असतात. त्याला दाराशीं उभें राहावें लागतें. घरचीं माणसें त्याला बसा म्हणतात, पाणी देतात, ‘कसा गेला? शेवटीं कोण जवळ होतें?’ असें विचारतात. आपल्या धर्मग्रामांत देवळाची घंटा झाली कीं दोन माणसें निघत आणि दाराशीं जाऊन सांगत. ज्या घरीं ते जात, तेथें कोण खाटेवर आहे, कोणाच्या चुलींत आज विस्तव नाहीं, हेंहि त्यांस दिसे. निरोप देऊन परतणारा माणूस नेहमीं दुसरा एक निरोप घेऊन परते, आणि तो फादरांच्या कानीं जाई. ग्रुपवरील खबर क्षणांत सर्वांस पोंचते, हें खरें. परंतु ती एकाच दिशेनें जाते. तिच्याखालीं दोनशें जण तींच दोन अक्षरें लिहितात, आणि अंत्यविधीस बांकें रिकामीं राहतात.

समितीपुढें माझी सूचना एवढीच आहे. खबर ग्रुपवर अवश्य द्यावी. परदेशीं असलेल्या मुलांना ती त्याच घटकेस कळली पाहिजे. परंतु जीं घरें केवळ वृद्धांचीं आहेत, जेथें मोबाईल नाहीं किंवा असून वाचतां येत नाहीं, आणि जेथील माणूस बरेच दिवस देवळांत दिसलेला नाहीं, अशा घरीं पूर्वींप्रमाणें माणूसच जावा. प्रत्येक आळीचीं अशीं घरें मोजून त्यांची यादी करावी. मीं माझ्या आळीचीं मोजलीं. तीं अकरा निघालीं. त्यांपैकीं सहा घरें मी स्वतः पत्करलीं आहेत. उरलेल्या पांचांसाठीं एकादा तरुण पाहिजे. सायकल त्याची असली तर बरें. सभा संपल्यावर मी देवळाच्या ओट्यावर बसणार आहें.