पतंगाच्या पंखांवरील जमाखर्च



इंग्लंडमधील औद्योगिक क्रांतीचा इतिहास गिरण्यांचा नफा, मजुरांचे वेतन आणि कोळशाचे उत्पादन यांच्या आकड्यांतून सांगितला जातो. त्याच काळाचा आणखी एक हिशेब एका क्षुद्र पतंगाच्या पंखांवर लिहिला गेला. बिस्टन बेट्युलारिया हे त्याचे शास्त्रीय नाव. पांढुरक्या पंखांवर काळे ठिपके असलेला हा जीव रात्री उडतो आणि दिवसा झाडावर निश्चल बसतो. दगडफुलाने आच्छादलेल्या सालीवर तो पक्ष्यांच्या दृष्टीस सहसा पडत नाही.

१८४८ मध्ये मँचेस्टर येथे याच जातीचा एक काळा पतंग आढळल्याची नोंद आहे. धुराड्यांच्या धुराने दगडफूल मेले, साली काजळल्या आणि १८९५ च्या सुमारास त्या परिसरात शंभरांतील सुमारे ९८ पतंग काळे आढळू लागले. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२४ मध्ये गणिताने दाखवून दिले की, एवढ्या अल्पकाळात हा पालट घडण्यासाठी काळ्यांची संतती पांढऱ्यांच्या सुमारे दीडपट टिकली असली पाहिजे. पुढे भारताचे नागरिकत्व पत्करून १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निधन पावलेले ते हेच हाल्डेन.

बर्नार्ड केटलवेल यांनी १९५३ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या वनात खुणा केलेले पतंग सोडले. पुन्हा हाती लागण्याचे काळ्यांचे प्रमाण पांढऱ्यांच्या सुमारे दुप्पट होते. १९५५ मध्ये डॉर्सेटच्या स्वच्छ वनात नेमके उलट घडले. या प्रयोगांच्या पद्धतीत उणिवा होत्या, आणि त्यांचे भांडवल करून काहींनी उत्क्रांतीच खोटी ठरविली. केंब्रिजचे मायकेल मजेरस यांनी त्या उणिवा स्वतः परखडपणे मांडल्या आणि मग सहा वर्षे खपून ४,८६४ पतंगांवर नवा प्रयोग केला. हवा आता निवळली होती. पक्षी काळ्यांनाच अधिक टिपत होते. २००९ मध्ये मजेरस वारले. त्यांचे निष्कर्ष सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले.

या संशोधनातून अर्थशास्त्राने घ्यावयाचा बोध मोठा आहे. कारखान्याच्या वहीत धुराचा खर्च कोठेही मांडला जात नाही. तो इतरांच्या माथी पडतो. त्यावर ‘निसर्ग आपोआप जुळवून घेतो’ असे समाधान सांगितले जाते. परंतु कोणताही एक पतंग परिस्थिती पाहून काळा झाला नाही. पांढरे पिढ्यानपिढ्या भक्ष्य होत गेले. जुळवून घेणे म्हणतात ते हेच. शिवाय काळा वाण आधीच उपजलेला होता. २०१६ च्या संशोधनानुसार त्यामागील जनुकीय बदल १८१९ च्या सुमारास घडला असावा. या जातीची पिढी वर्षाची. ज्यांच्यापाशी असा वाण नाही आणि ज्यांच्या पिढ्या दीर्घ आहेत, त्यांना ही वाट खुली नाही. दगडफुलाला ती नव्हती, माणसालाही नाही. डिसेंबर १९५२ मधील लंडनच्या विषारी धुक्याने तत्कालीन अंदाजानुसार सुमारे चार हजार माणसे मारली.

त्यानंतर लोकमताच्या रेट्याने १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. लिव्हरपूलजवळ काल्डी येथे १९५९ मध्ये काळ्या पतंगांचे प्रमाण सुमारे ९३ टक्के होते. १९९० च्या दशकाच्या मध्यास ते २० टक्क्यांच्या खाली आले. समाजाने धुरावर घातलेला निर्बंध पतंगाच्या पंखांवर उमटला.

आज तापमानवाढीचे ओझे याहून विशाल आहे आणि ते एका देशाच्या कायद्याने उतरणारे नाही. तरीही उत्क्रांतीवर भिस्त ठेवून नियंत्रण टाळू पाहणाऱ्यांना एक प्रश्न विचारलाच पाहिजे: जुळवून घेण्यापूर्वी किती जणांनी मरावे, आणि ते कोणी ठरवावे?