आई होण्याचे वय
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा सारांश)



आम्ही सरकारी नोकरीतली माणसे, म्हणून आकड्यांपासून सुरुवात करतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षे वयाच्या दर १०० मुलींपैकी सुमारे ७ जणी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. त्रिपुरात हे प्रमाण २२ च्या घरात, तर गोव्यात ३ पेक्षा कमी. आपल्या गुजरातेत ५.२ टक्के आणि महाराष्ट्रात ७.६ टक्के. माहेरचा अभिमान आपल्याला आहेच, पण हा आकडाही आपलाच आहे.

कारणे साधी आहेत. मराठवाड्यातून ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोडीने जातात, उचलही जोडीच्या 'कोयत्या'वर मिळते. वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची? मग तिचे लग्न उरकतात. तिचे स्वतःचेच शरीर अजून वाढत असते. रक्त कमी, बाळंतपण अवघड, बाळ कमी वजनाचे.

बडोद्याला हे नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्येच बालविवाह प्रतिबंधक कायदा केला; सारडा कायदा आला १९२९ मध्ये. तरीही त्याच पाहणीत गुजरातेतल्या २० ते २४ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न १८ च्या आत झालेले होते.

आपल्या घरांत चित्र उलटे. शिक्षण, नोकरी, घराचे हप्ते यांत पस्तिशी येते. पस्तिशीनंतर गर्भ राहणे अवघड होत जाते. रक्तदाब, मधुमेह, गर्भपात यांचा धोका वाढतो. म्हणून सुनेला टोमणे मारू नयेत. तिला बाळंतपणाची रजा संपल्यावर घरात हात कोण देणार, ते आधी ठरवावे. तपासणीला मुलानेही जावे, दोष एकटीचा नसतो.

आणि कामवाल्या मावशींनी सोळा वर्षांच्या मुलीची पत्रिका आणली, तर आपण साडी आणि पाकीट देऊन मोकळे होतो. त्याऐवजी तिच्या दहावी-बारावीची फी भरावी, आईशी बोलावे. नाहीच ऐकले तर १०९८ हा क्रमांक आहे. तिथे कळवणे म्हणजे चुगली नव्हे.

आकडे राज्यांचे असले, तरी ते घराघरांतून बनतात.

गणपती बाप्पा मोरया!