ट्रॅकर कपाटात, भुरी टेकडीवर

कुत्र्यासाठी जीपीएसचा पट्टा घ्यायचाय, कोणता घेऊ, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलंय. मॉडेलची नावं मी सांगणार नाही, ती सारखी बदलतात. आमच्या भुरीचं काय झालं ते सांगतो.

भुरी देशी, वजन १६ किलो. आम्ही कोथरूडला राहतो. दोन वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाला जिन्यात कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, दार उघडं होतं, भुरी पळाली. ट्रॅकर होता बरं का आमच्याकडे, चांगला महागातला! पण तो कपाटात. आठ दिवस ती मान खाजवून हैराण झाली होती, पट्ट्याखालचे केस गेले होते, म्हणून आईनेच तो काढून ठेवला होता. दीड दिवस शोधलं. वेताळ टेकडीच्या पायथ्याशी एका चहावाल्या काकांनी तिला सुतळीने बांधून ठेवलं होतं, पायात काच घुसलेली.

तेव्हापासून मी ॲप नंतर बघतो, आधी पट्टा.

आमचा ट्रॅकर सपाट आणि लांबट होता. मान गोल असते ना! दोन्ही टोकं बोचायची. मानेला धरून किंचित वाकलेला, कडा गोल असलेला घ्या. आणि वजन बघा. ३५ ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तीन किलोच्या पॉमला ते म्हणजे ६० किलोच्या माणसाने गळ्यात ७०० ग्रॅम बांधून फिरण्यासारखं आहे. पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं आरामात गेली पाहिजेत. केसाळ कुत्रा असेल तर बोटं केसांच्या खालून घाला, वरून नाही. साखळी या पट्ट्याला अडकवू नका, फिरायला हार्नेस वेगळा ठेवा. पावसाळ्यात नायलॉन ओलं राहतं आणि खाली कातडी लाल होते, त्यामुळे झटकन पुसता येणारा पट्टा बरा. रोज एकदा काढून मान बघायचीच.

आता थोडं तंत्राचं. जीपीएसमुळे ट्रॅकरला स्वतःची जागा कळते, पण ती तुमच्या फोनवर पाठवायला त्यात सिम लागतं. म्हणून वर्गणी असते. बाहेरून मागवत असाल तर ते सिम भारतात चालतं का, हे आधी विचारा. स्वस्तातले ब्लूटूथ टॅग जवळपास कुणाचा तरी फोन असेल तरच सापडतात. टेकडीवर रात्री कोण असणार? आणि डॉक्टर कातडीखाली बसवतात ती मायक्रोचिप म्हणजे जीपीएस नव्हे. तिला बॅटरीच नसते, स्कॅनर अगदी जवळ धरला तरच नंबर वाचता येतो.

बॅटरी? लाइव्ह ट्रॅकिंग सतत चालू ठेवलं तर झपाट्याने उतरते. आम्ही सकाळी तिचं जेवण चालू असताना चार्ज करतो. दिवाळीत संध्याकाळी तर पट्टा अजिबात काढत नाही.

निघताना ते काका मला म्हणाले होते, "दादा, गळ्यात साधा नंबर तरी बांधायचा ना! कालच फोन केला असता." आता पट्ट्याला नंबर कोरलेला बिल्लाही आहे. नंबर आईचा, कारण माझा फोन कायम सायलेंटवर असतो.