टाकणखाराचा कण आणि अणुभट्टी



आम्ही कामगार चळवळीतले. कॉलेजाची पायरी आम्ही चढलो नाही. जे थोडे रसायन कळते ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर कमावलेले. तरीही आज अणुभट्टीविषयी बोलतो आहोत, कारण तिचे यश तराजू धरणाऱ्या आणि भांडी धुणाऱ्या हातांवरही अवलंबून असते.

काही भट्ट्यांत ग्रॅफाइट वापरतात. त्याने धावते न्यूट्रॉन मंद करावेत, गिळू नयेत. पण टाकणखारात असतो तो बोरॉन त्यात शिरला की घात झाला. कार्बनच्या मानाने बोरॉनचा अणू मंद न्यूट्रॉन सुमारे दोन लाख पट अधिक गिळतो. म्हणजे दहा लाख भागांत चार-पाच भाग बोरॉन असला, तरी ग्रॅफाइटचे गिळणे जवळजवळ दुप्पट होते!

१९४१ साली हायडेलबर्ग येथे वाल्थर बोथे यांनी ग्रॅफाइट तपासले. नमुना पुरेसा शुद्ध नव्हता. ग्रॅफाइट निरुपयोगी ठरले आणि जर्मन शास्त्रज्ञ जड पाण्याकडे वळले. अमेरिकेत लिओ झिलार्ड यांनी बोरॉनवर संशय धरला, कारखानदारांकडून शुद्ध ग्रॅफाइट करवून घेतले, आणि २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोची भट्टी चालू झाली.

हा कण पकडतात कसा? ग्रॅफाइट चुन्यात कालवून जाळतात. चुना बोरॉनला उडू देत नाही. राख आम्लात विरघळवून मिथिल अल्कोहोलाच्या वाफेबरोबर बोरॉन वेगळा काढतात. मग त्याला हळदीतले पिवळे द्रव्य, कर्क्युमिन, लावतात. रंग तांबडा होतो. जितका गडद, तितका बोरॉन अधिक. आपल्या आयाबहिणी हळदीला लिंबाचा रस आणि टाकणखार लावून कुंकू करीत, त्यातलेच हे रसायन.

मात्र प्रयोगशाळेच्या नेहमीच्या काचेतही बोरॉन असतो. म्हणून भांडी प्लॅटिनमची किंवा क्वार्ट्झची घेतात, आणि ग्रॅफाइट न घालता तीच सारी कृती एकदा कोरी करून पाहतात. कोऱ्या परीक्षेतच तांबडे दिसले, तर दोष मालाचा नव्हे, भांड्याचा वा औषधांचा.

मित्रहो, आमचे म्हणणे इथेच येते. माल खोळंबला म्हणून परीक्षकाला आकडा खाली आणायला लावाल, तर कागद फसेल, न्यूट्रॉन फसणार नाही. म्हणून परीक्षक उत्पादन खात्याच्या हाताखाली नसावा, आणि ‘माल नापास’ असे लिहिल्याबद्दल कुणाची भाकरी जाऊ नये. पगारवाढीइतकीच ही मागणीही आमच्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.